वूकॉमर्सचं दुकान मराठीत आणताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

भाषांतराची फाइल उघडायची, पहिल्या ओळीपासून मराठी टाइप करत सुटायचं, आणि पाच-सहाशे ओळी झाल्यावर दुकान उघडून बघायचं तर 'प्लेस ऑर्डर' अजून इंग्रजीतच. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसच्या वेबसाइटवर ऑनलाइन दुकान चालवणारं प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर. नाशिकमधल्या छोट्या दुकानदारांच्या अशा वेबसाइट निस्तरताना हा प्रकार मला वारंवार भेटतो. मराठी चांगलं असतं, मेहनतही असते, फक्त कामाचा क्रम उलटा असतो. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि भाषांतर टाइप करायला पाचव्या टप्प्याआधी हात लावू नका.

उदाहरणासाठी एक कल्पित दुकान घेऊ. त्यात चार वस्तू आहेत: येवल्याची पैठणी, चिवडा, तांब्याचं पातेलं आणि बेदाणे. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी, एक नपुंसकलिंगी आणि एक कायम अनेकवचनात बोलली जाणारी. निवड मुद्दाम केली आहे, कारण चौथ्या टप्प्यात या चौघीच आपल्याला छळणार आहेत.

एक खुलासा आधीच करतो. फाइलींची नावं, कोड आणि खुणा मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती सगळी अक्षरं आणि आकडे रोमनच ठेवायचे.

१. भाषेचं सेटिंग आणि भाषेचा कोड

चालू दुकानावर काम करू नका. होस्टिंगवर स्टेजिंगची, म्हणजे चालू दुकानाला धक्का न लावता काम करायची, सोय असेल तर दुकानाची प्रत तिथे काढा. नसेल तर निदान फाइली आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घ्या. नुसत्या फाइलींचा बॅकअप पुरत नाही, त्याचं कारण सातव्या टप्प्यात येईल.

मग सेटिंग्ज, जनरलमध्ये साइटची भाषा मराठी करा. ऑर्डरी सांभाळणाऱ्या मुलाला इंग्रजी पॅनेलची सवय असेल तर त्याच्या प्रोफाइलमध्ये भाषा इंग्रजी ठेवा. गिऱ्हाइकाला साइटची भाषा दिसते, आत काम करणाऱ्याला त्याच्या प्रोफाइलची. ही सोय माहीत नसल्यामुळे कितीतरी जण गिऱ्हाइकाच्या नजरेला कधीच न पडणाऱ्या ॲडमिनमधल्या हजारो ओळी भाषांतरित करत बसतात.

यानंतर डॅशबोर्डच्या अपडेट्स पानावर जाऊन भाषांतरं अपडेट करा. वर्डप्रेसच्या स्वयंसेवकांनी केलेलं मराठी भाषांतर त्यातून उतरतं. ते अपुरं असेल, काही शब्द पटणारही नाहीत, पण शून्यापासून सुरुवात करायचं कारण नाही.

वर्डप्रेसमध्ये मराठीचा कोड फक्त 'एमआर' आहे. हिंदीचा 'एचआय, अधोरेषा, आयएन' असा लांब आहे, त्यावरून ताडून लोक मराठीलाही 'आयएन' जोडतात. तशी फाइल वर्डप्रेस वाचतच नाही आणि चूक झाल्याचंही सांगत नाही. वूकॉमर्ससाठी फाइलीचं नाव असं: प्लगिनचं नाव लहान रोमन अक्षरांत, मग जोडरेघ, मग एमआर, मग डॉट पीओ.

*तपासणी:* ब्राउझरच्या खासगी खिडकीत दुकान उघडा. एखादं तरी बटण मराठीत आलं असेल तरच पुढे जा.

२. फाइल कुठे ठेवायची

जागा तीन आहेत, त्यांतल्या दोन धोक्याच्या. प्लगिनच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल प्लगिनच्या पुढच्या अपडेटला पुसली जाते. वर्डप्रेसच्या सामाईक 'लँग्वेजेस' फोल्डरमधल्या प्लगिन विभागात ठेवलेली फाइल भाषांतराच्या पुढच्या अपडेटला पुसली जाते. तिसरी जागा लोको ट्रान्सलेट या भाषांतर करायच्या प्लगिनची 'कस्टम' जागा, तिला अपडेट हात लावत नाही. नवीन भाषा जोडताना लोको जागा विचारतो तेव्हा न चुकता 'कस्टम' निवडा.

कस्टम फाइलीचा आणखी एक फायदा असा की तिच्यात फक्त तुम्ही बदललेल्या ओळी असल्या तरी चालतं. उरलेलं भाषांतर पहिल्या टप्प्यात उतरवलेल्या पॅकमधून येत राहतं.

फाइलींचे प्रकारही इथेच समजून घ्या. पीओ ही आपण वाचायची, लिहायची फाइल. एमओ ही तिचीच यंत्राला वाचता येणारी आवृत्ती. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या भागांसाठी जेसॉन फाइली वेगळ्या असतात. आणि वर्डप्रेस ६.५ पासून चौथा प्रकार आला: नावात 'एल१०एन' असलेली पीएचपी फाइल. ती हजर असेल तर वर्डप्रेस एमओकडे बघतही नाही.

*सावधान:* पोएडिट या संगणकावरच्या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करून नुसती एमओ एफटीपीने सर्व्हरवर चढवणाऱ्यांचा घात ही चौथी फाइल करते. एमओ ताजी, एल१०एन शिळी, आणि दुकानात जुनंच मराठी. एमओ बदलली की तिची जोडीदार पीएचपी फाइलही नव्याने बनवा, नाहीतर काढून टाका.

३. शब्दांची यादी, कागदावर

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मग 'कार्ट' एका पानावर कार्ट असते, दुसऱ्यावर टोपली आणि ईमेलमध्ये खरेदी-पेटी.

तीस-चाळीस शब्दांची यादी करा. प्रत्येक शब्दासमोर एकच मराठी रूप लिहा. माझी कसोटी साधी आहे: हा शब्द रविवार कारंजावरच्या दुकानात काउंटरपलीकडे बोलला तर समोरच्याला कळेल का? 'ऑर्डर', 'कूपन', 'पिनकोड', 'डिलिव्हरी' हे कळतात, ते तसेच ठेवा. 'चेकआउट' कळतोच असं नाही, तिथे 'ऑर्डर पूर्ण करा' बरं. 'रिफंड'ला 'पैसे परत' लिहिलं तर कुणी फोन करून अर्थ विचारत नाही.

काही शब्द सरळ भाषांतरित केले की फसतात.

'सेल' म्हणजे सवलत. पण भाषांतरात सर्रास 'विक्री!' येतं. भांड्यांच्या एका दुकानाची साइट मी मालकाच्या आईला दाखवत होतो. फोटोवरचा बिल्ला वाचून काकू म्हणाल्या, "विक्रीला आहे ते दिसतंच आहे की, मग ओरडताय कशाला?"

'स्टेट' म्हणजे पत्त्यातलं राज्य आणि 'स्टेटस' म्हणजे ऑर्डरची स्थिती. घाईत दोन्हींना 'स्थिती' लिहिलं जातं आणि पत्त्याच्या फॉर्मात 'स्थिती निवडा: महाराष्ट्र' असं दिसतं. 'ऑर्डर' कुठे मागणी असते तर कुठे नुसता क्रम. 'फ्री' म्हणजे मोफत, मोकळा नव्हे. 'प्रोसेसिंग' ही ऑर्डरची अवस्था आहे, तिला 'तयारी सुरू' म्हणा.

बटणांवर आज्ञार्थ ठेवा आणि आदरार्थी ठेवा: 'टाका', 'बघा', 'भरा'. एका बटणावर 'जोडणे' आणि शेजारच्यावर 'काढा' असं नको.

यादी संगणकावर घ्याल तेव्हा युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरं वापरा. नाशिकमधले पत्रिका आणि पाट्या छापणारे बरेच जण अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटांत टाइप करतात. तिथून चिकटवलेला मजकूर वेबसाइटवर निरर्थक रोमन अक्षरं होऊन उमटतो. 'ऱ्या' आणि 'ॲ' कसं टाइप करायचं तेही आधी ठरवा. दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं आली तर शोधात 'दुसऱ्या' सापडत नाही.

४. प्लेसहोल्डर, म्हणजे गाळलेल्या जागा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जास्त वेळही इथेच द्या.

वूकॉमर्सच्या ओळींत टक्क्याची खूण आणि तिच्यापुढे एखादं अक्षर दिसेल: '%एस' किंवा '%डी'. त्या जागी नंतर वस्तूचं नाव, रक्कम किंवा आकडा बसतो. दोन-तीन जागा असतील तर त्यांना क्रमांक असतात: '%१$एस', '%२$एस'. ईमेलच्या विषयात महिरपी कंसात दुकानाचं नाव आणि ऑर्डर क्रमांक यांच्या खुणा असतात. यांतलं काहीच भाषांतरित करायचं नाही.

पहिला धोका कीबोर्डचा. मराठी कीबोर्ड चालू असताना क्रमांक टाइप केला तर तो देवनागरी उमटतो. डोळ्यांना चूक जाणवत नाही, पण पीएचपीला, म्हणजे वर्डप्रेस ज्या संगणकभाषेत लिहिलं आहे तिला, तो आकडा कळत नाही. पीएचपी ८ पासून अशा चुकीच्या खुणेवर पान थेट कोसळू शकतं. खुणा कधीच टाइप करू नका, मूळ ओळीतून उचलून चिकटवा.

दुसरा धोका मराठीचा स्वतःचा आहे आणि त्यावर कोणतंही साधन इशारा देत नाही: खुणेला विभक्ती जोडू नका. '%एससाठी' असं लिहिलंत तर 'पैठणीसाठी' झकास जुळतं आणि तुम्ही निश्चिंत होता. मग चिवड्याच्या पानावर 'चिवडासाठी' आणि पातेल्याच्या पानावर 'पातेलंसाठी' दिसतं. मराठी नाम प्रत्यय लागण्याआधी आपलं रूप बदलतं, आणि त्या जागी कोणतं नाम येणार हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. उपाय एकच, वाक्य असं फिरवा की नाव मूळ रूपात उभं राहील.

अभिप्रायांची ओळ घ्या. मूळ इंग्रजीत आधी आकडा आणि मग वस्तूचं नाव येतं, अमुक वस्तूसाठी इतके रिव्ह्यू अशा अर्थाने. मराठीत लिहा: '%२$एस: %१$एस अभिप्राय'. क्रम उलटला, प्रत्यय गळला, आणि चारही वस्तूंना चाललं. खुणांना मुळात क्रमांक नसतील आणि तुम्हाला क्रम बदलायचा असेल, तर भाषांतरात स्वतः क्रमांक घालता येतात. तसं केलंत तर त्या ओळीतल्या सगळ्याच खुणांना घाला.

तिसरा धोका लिंगाचा. वस्तू कार्टमध्ये गेल्याची सूचना 'कार्टमध्ये टाकला' अशी केली तर चिवडा खूश, पण पैठणी 'टाकला' होते. 'टाकली' केलं तर बेदाणे अडतात. क्रियापदच काढून टाका: '“%एस” आता कार्टमध्ये'. 'आउट ऑफ स्टॉक'ला 'संपला', 'संपली', 'संपले' यांच्या फंदात न पडता 'सध्या अनुपलब्ध' लिहा. 'इन स्टॉक'ला 'शिल्लक आहे' लिहिलंत तर बेदाण्यांची तक्रार राहते, म्हणून नुसतं 'उपलब्ध' पुरे.

पत्त्याच्या फॉर्ममधल्या चुकांच्या सूचना तर दोन तुकडे जोडून बनतात. जुन्या पद्धतीच्या चेकआउटमध्ये 'बिलिंग %एस' हा एक तुकडा आणि 'अमुक भरणं आवश्यक आहे' हा दुसरा. पहिल्याला 'बिलाचा %एस' केलं की 'बिलाचा नाव' होतं. तिथे 'बिलिंग – %एस' इतकंच ठेवा. फार देखणं नाही, पण कुठेही चुकत नाही.

*तपासणी:* प्रत्येक खुणेच्या जागी पैठणी, चिवडा, पातेलं, बेदाणे ही चार नावं तोंडाने घालून ओळ मोठ्याने वाचा. एक जरी अडली तर वाक्य बदला.

५. आता भाषांतर, पण गिऱ्हाइकाच्या वाटेने

वूकॉमर्सच्या ओळी हजारोंच्या घरात आहेत. त्यांतल्या बहुतेक ॲडमिनच्या. प्रत्येक ओळीसोबत ती कोणत्या फाइलीतून आली याची नोंद असते. 'टेम्प्लेट्स' फोल्डरमधून आलेल्या ओळी गिऱ्हाइकाला दिसतात. ॲडमिनच्या फोल्डरमधल्या आज सोडून द्या.

क्रम असा ठेवा: वस्तूचं पान, कार्ट, चेकआउट, चुकांच्या सूचना, ऑर्डर मिळाल्याचं पान, ईमेल आणि शेवटी 'माझं खातं'. चुकांच्या सूचना लोक हमखास विसरतात, कारण स्वतः तपासताना ते फॉर्म बरोबरच भरतात.

काम करताना काही गोष्टी सांभाळा. संदर्भाची टीप असेल तर ती वाचा. एकच इंग्रजी शब्द दोनदा दिसला तर बहुधा अर्थ दोन आहेत. एकवचन आणि अनेकवचन अशा दोन चौकटी आल्या तर दोन्ही भरा, मराठी रूप सारखंच असलं तरी. 'वस्तू' दोन्हीकडे वस्तूच, पण दुसरी चौकट रिकामी सोडू नका. शून्यालाही मराठीत अनेकवचनाची चौकट लागू होते.

कोनी कंसांतले एचटीएमएलचे तुकडे तसेच ठेवा, फक्त मधला मजकूर बदला. दुव्याचा उघडणारा कंस राहिला आणि बंद करणारा गेला, की पुढचं अर्धं पान निळं होतं.

'फझी' खूण असलेल्या ओळी हे आणखी एक मृगजळ. साधनाने जुन्या ओळीवरून अंदाजाने भरलेलं ते भाषांतर असतं. एमओ बनवताना या ओळी वगळल्या जातात. तुम्हाला पडद्यावर मराठी दिसत असतं, दुकानात इंग्रजीच राहतं. ओळ वाचा, सुधारा आणि खूण काढा.

यंत्राने केलेलं भाषांतर कच्चा माल म्हणून वापरायला माझी हरकत नाही. पण तिसऱ्या टप्प्यातली यादी आणि चौथ्यातली चार नावं यांच्या चाळणीतून प्रत्येक ओळ गेलीच पाहिजे.

६. कार्ट आणि चेकआउट इंग्रजीतच राहिलं तर

२०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या वूकॉमर्स ८.३ पासून नव्या दुकानांत कार्ट आणि चेकआउट ब्लॉक पद्धतीने, म्हणजे वर्डप्रेसच्या एडिटरमधल्या ठोकळ्यांनी बनलेले, येतात. त्यांचा बराचसा मजकूर जावास्क्रिप्टमधून येतो. तिथे एमओचा उपयोग नाही, जेसॉन लागते.

लोकोमध्ये सेव्ह केल्यावर जेसॉन आपोआप बनते, पण पीओमध्ये त्या ओळींसमोर जावास्क्रिप्ट फाइलींचे संदर्भ शाबूत असतील तरच. फाइल 'स्वच्छ' करण्याच्या नादात संदर्भ उडवू नका.

डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवायचं साधन) वापरणाऱ्यांसाठी: 'मेक-जेसॉन' ही आज्ञा जावास्क्रिप्टच्या ओळी पीओमधून काढून टाकते. मूळ पीओ अखंड हवी असेल तर 'नो-पर्ज' हा पर्याय जोडा. हे न कळल्याने एकदा माझी एका संध्याकाळची मेहनत गेली होती.

जुन्या चेकआउटमधलं 'प्लेस ऑर्डर' आणि ब्लॉकमधलं 'प्लेस ऑर्डर' या वेगळ्या नोंदी असू शकतात. लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरकही नोंद वेगळी करायला पुरतो. इंग्रजी मजकूर शोधा आणि सापडतील तेवढ्या सगळ्या भरा.

७. जे फाइलीत नाहीच

इथे बॅकअपमधल्या डेटाबेसचं कारण कळेल. काही मजकूर सेटिंग सेव्ह करताना डेटाबेसमध्ये गोठतो. 'कॅश ऑन डिलिव्हरी' हे पेमेंटचं नाव आणि त्याखालची सूचना, 'फ्लॅट रेट' हे डिलिव्हरीचं नाव, 'कार्ट' आणि 'माय अकाउंट' ही पानांची शीर्षकं, कधी हाताने बदललेले ईमेलचे विषय. पीओमध्ये यांचं कितीही सुंदर मराठी केलं तरी दुकानात उमटणार नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन हातानेच बदला. पानांची शीर्षकं मराठी करा, पण स्लग, म्हणजे पानाच्या वेब-पत्त्यातला नावाचा तुकडा, रोमनच राहू द्या. देवनागरी स्लग व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होण्याची भीती असते.

किमतीतले स्वल्पविरामही भाषांतराने सुटत नाहीत. लाखाची पैठणी वूकॉमर्स १००,००० अशी दाखवतो. १,००,००० हवं असेल तर त्यासाठी वेगळा छोटा कोड लागतो.

८. मोबाइलवरून एक खरी ऑर्डर

कॅशे, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, रिकामा करा आणि कॅश ऑन डिलिव्हरीने एक ऑर्डर टाका. संगणकावरून नको, फोनवरून टाका. मराठी शब्द लांब असतात आणि बटणात दोन ओळी होतात ते फोनवरच कळतं.

फॉर्म मुद्दाम चुकीचा भरा. पिनकोड देवनागरी आकड्यांत टाका: ४२३४०१. वूकॉमर्स तो नाकारतो, कारण भारताच्या पिनकोडची तपासणी रोमन आकडेच ओळखते. फोन नंबरचंही तेच. गिऱ्हाइकाला मात्र 'वैध पिनकोड टाका' एवढंच दिसतं, आणि येवल्याचा बरोबर पिनकोड टाकूनही का चालत नाही हे कळत नाही. भाषांतर तुमच्या हातात आहे, मग सूचनाच अशी लिहा: 'पिनकोड इंग्रजी आकड्यांत लिहा, सहा अंक'. मूळ ओळीत हे नाही, पण दुकानाच्या दृष्टीने हेच बरोबर भाषांतर आहे.

मग ईमेल बघा: गिऱ्हाइकाला गेलेला आणि दुकानदाराला आलेला, दोन्ही. पासवर्ड विसरल्याचा ईमेलही मागवून बघा.

पीडीएफ बिल देणारं प्लगिन असेल तर एक बिल उघडा. बिलाची बरीच प्लगिनं डॉमपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीवर चालतात आणि तिला देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, 'त्र्यंबकेश्वर' वाचता येत नाही. नुसता फाँट बदलून हे सुटत नाही. एमपीडीएफ या दुसऱ्या प्रणालीवर चालणारं प्लगिन घ्या, किंवा बिल इंग्रजीत ठेवा. मोडलेल्या मराठीपेक्षा धड इंग्रजी बिल परवडलं.

*तपासणी:* रिकामी कार्ट, चुकीचं कूपन, संपलेली वस्तू आणि चुकीचा पासवर्ड. या चारही ठिकाणी इंग्रजी दिसतं का बघा, मगच चालू दुकानावर चढवा.

९. अपडेट आल्यावर

वूकॉमर्सची मोठी आवृत्ती आली की लोकोमध्ये 'सिंक' करा (नव्या ओळी फाइलीत येतात), फिल्टर लावून फक्त फझी आणि रिकाम्या ओळी बघा आणि आठव्या टप्प्यातली ऑर्डर पुन्हा टाका. दिवाळीच्या किंवा सिंहस्थाच्या गर्दीत मात्र अपडेट करू नका.

तुमचं भाषांतर वर्डप्रेसच्या सामाईक भाषांतर संकेतस्थळावर सुचवता येतं. सुचवलेल्या ओळी मराठीचे संपादक तपासतात आणि मान्य झाल्या की पॅकमधून सगळ्यांना मिळतात. पण तिथे 'पिनकोड इंग्रजी आकड्यांत लिहा' हे पाठवू नका. तोच मजकूर दुबईला माल पाठवणाऱ्या दुकानातही दिसेल. 'सध्या अनुपलब्ध' मात्र जरूर पाठवा.